थांबलेली काहील

संयूने बरोबर क्षणी बरोबर शब्द उच्चारला होता, आणि तरीही दोनशे किलो गूळ करपला.

हे कोडं साधंसुधं नव्हतं. कारण तो क्षण बरोबर होता असं संयू एकटीच म्हणत नव्हती, मापाडीही म्हणत होता. आणि मापाडी खोटं बोलत नसे. त्याला ते जमतच नसे.

मापाडी हा यंत्रमानव. उंचीला दुधाच्या मोठ्या किटलीएवढा, खाली तीन चाकं, वर एकच लांबलचक हात आणि त्या हाताच्या टोकाला पळी. कृषी संशोधन केंद्राने त्याला दोन हंगामांपूर्वी खडकेवाडीच्या गुऱ्हाळावर पाठवला, गूळ कसा होतो ते शिकायला. त्याचं खरं नाव नऊ आकड्यांचं होतं. येईल त्या वस्तूचं तो माप काढतो हे पाहून गुऱ्हाळाचा जाळ सांभाळणाऱ्या शिदूमामांनी त्याला पहिल्याच दिवशी 'मापाडी' करून टाकलं.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगायला हवेत. उसाचा रस काहिलीत (एका भल्यामोठ्या पसरट लोखंडी कढईत) ओततात. काहिलीखाली चुलवाण असतं, म्हणजे जमिनीत खोदलेली मोठी चूल. त्यात उसाची वाळलेली चिपाडं घालून जाळ करतात. रस दोन-अडीच तास उकळतो, आटतो, दाट होतो आणि मग एक क्षण असा येतो की पाकाचा गूळ होतो. त्याआधी काहील उतरवली तर गूळ बसतच नाही, चिकट गोळा होऊन राहतो. नंतर उतरवली तर करपून कडू होतो. तो क्षण ओळखणाऱ्या माणसाला गुळव्या म्हणतात. संयूचे आबा, हिंदुराव चौगुले, हे पंचक्रोशीतले नावाजलेले गुळवे होते. त्यांनी "उतरवा!" म्हटलं की चार गडी काहिलीच्या कड्यांत साखळ्या अडकवत, कप्पीने ती वर उचलत आणि शेजारच्या, गूळ गार करायच्या पसरट वाफ्यात ओतत. तीस वर्षांत त्यांची एक काहील बिघडली नव्हती. मापाडीला तर आबांचं कोण कौतुक! "माझ्यात नऊ तापमापक आहेत आणि आबांकडे एक नाक आहे," तो येईल त्याला सांगायचा, "आणि मी अजून मागे आहे."

पण यंदा गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदार बायजाक्का पाटलांचा ऊस तोडून गुऱ्हाळावर आला आणि नेमकं त्याच दिवशी आबांच्या डोळ्यांनी दगा दिला. शहरात नेऊन दहा मिनिटांत नवी भिंगं बसवून आणली, ते काम आता दाढ काढण्याइतकंही अवघड राहिलेलं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, पंधरा दिवस धुराजवळ फिरकायचं नाही. तोडलेला ऊस काही पंधरा दिवस थांबत नाही. त्यातली गोडी दिवसागणिक कमी होते. मग काहिलीपाशी उभं राहून "उतरवा" म्हणायचं काम आलं बारा वर्षांच्या संयोगितावर, म्हणजे संयूवर, कारण आबांच्या मागेमागे फिरून तिने हे काम जितकं पाहिलं होतं तितकं दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

आणि पहिलीच काहील करपली.

बायजाक्का ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. करपलेल्या गुळाचा खडा त्यांनी जिभेवर ठेवला, तोंड वाकडं न करता गिळला आणि म्हणाल्या, "हे बघ पोरी, माझ्या वर्साच्या कष्टाचा ऊस हाय ह्यो. उद्या आणि एक काहील बघते. साधली तर राहिलेला ऊस हितंच. न्हाई तर ट्रक बोलवून कारखान्याला."

बायजाक्कांचा ऊस गेला की बाकीच्यांचाही जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. चौगुल्यांचं गुऱ्हाळ चालू राहणार की बंद पडणार, ते आता एका काहिलीवर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस काहिलीत पडला, शिदूमामांनी चुलवाण पेटवलं, आणि संयू मापाडीशेजारी लाकडी ओंडक्यावर येऊन बसली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते.

"मापाडी, काल मी चुकले का? खरं सांग."

"नाही. पाक नेमका ज्या क्षणी तयार झाला, त्याच क्षणी तू 'उतरवा' म्हणालीस. मीच तुला इशारा दिला होता. माझं माप अचूक होतं."

"मग करपला कसा?"

"ते मला समजलेलं नाही," मापाडी म्हणाला. न समजलेली गोष्ट तो इतकी सरळ कबूल करायचा की संयूला त्याचा हेवा वाटायचा.

"मला तर वाटतं, काळच थांबवता यायला हवा होता," ती म्हणाली. "गूळ झाला रे झाला की सगळं जागच्या जागी थांब! जाळ थांबला, पाक थांबला. मग निवांत बघायचं, निवांत काहील उतरवायची. कुणाला काही घाई नाही."

मापाडीचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. त्याला एखादी कल्पना आवडली की असं व्हायचं. "करून पाहू या. रस तयार व्हायला अजून दोन तास आहेत. कालची संपूर्ण काहील माझ्या स्मृतीत आहे."

त्याने आपल्या पोटातल्या कप्प्यातून डोक्यावर घालायचा आभासी टोप काढला. तो घातला की डोळ्यांना आणि कानांना खरं वाटेल, पण प्रत्यक्षात नसेल, असं दृश्य समोर उभं राही. टोपासोबत जाडसर हातमोजेही होते. हवं तेव्हा ते मऊ होत, हवं तेव्हा ताठ. संयूने सगळं अंगावर चढवलं. समोर कालची काहील रटरटू लागली, कालचे शिदूमामा कालचा घाम पुसू लागले. पाक तयार झाला आणि संयू ओरडली, "काळा, थांब!"

सगळा अंधार झाला. मिट्ट काळोख.

"ए, टोप बिघडला तुझा!"

"टोप उत्तम चालू आहे," अंधारातून मापाडीचा आवाज आला. "आपल्याला वस्तू कशी दिसते? तिच्यावरून निघालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरतो म्हणून. प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर धावतो, पण शेवटी धावावं त्यालाही लागतंच. तू काळ थांबवलास, तेव्हा प्रकाशही वाटेतच थबकला. तो आता तुझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर लटकून आहे."

"मग मीच पुढे होते. तो येत नाही तर मी जाते त्याच्याकडे." संयूने हात पुढे करायला पाहिलं, पण हातमोजे दगडासारखे ताठ झाले. करंगळीसुद्धा हलेना.

"हवा," मापाडी म्हणाला. "तुझ्याभोवती हवेचे अब्जावधी रेणू (पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण) आहेत. एरवी तू हात हलवलास की ते बाजूला सरकतात. तू त्यांना पूर्णपणे थांबवलं आहेस. आता ते सरकायचे कसे? भिंतीत चिणल्यासारखी तू हवेत चिणली गेली आहेस. खरोखर काळ थांबला असता तर श्वासही आत गेला नसता, कारण हवा नाकात यायची म्हणजे तिला हलावं लागतं."

"पुरे, पुरे! सोड मला!"

अंधार गेला. संयूने टोप वर करून मोठा श्वास घेतला. हवा नुसती नाकात जाते-येते यात एवढं सुख असतं, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं.

"पण मग," ती थोड्या वेळाने म्हणाली, "मीसुद्धा थांबले असते तर? मी, हवा, प्रकाश, सगळंच?"

"तर तुला काहीच कळलं नसतं. विचार करायलाही मेंदूत हालचाल व्हावी लागते. सगळं थांबलं आणि हजार वर्षांनी पुन्हा सुरू झालं, तर तुला वाटेल की काही घडलंच नाही. आत्ता, या वाक्याच्या मध्येच, सगळं विश्व थांबून पुन्हा सुरू झालं असेल तरी आपल्याला ते शोधून काढता येणार नाही."

संयूच्या अंगावर काटा आला. पण तो भीतीचा नव्हता. एवढी मोठी गोष्ट आपल्या गुऱ्हाळात बसून कळावी याचा होता.

"काळ हळू तरी करता येतो का?"

"थोडासा येतो. खूप वेगाने जाणाऱ्या यानातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. माणसांनी ते मोजून पाहिलं आहे. पण यानात बसलेल्याचं मन, नाडी, भूक सगळंच तेवढं हळू चालतं. त्याला जास्तीचा निवांतपणा काही मिळत नाही."

चौगुल्यांची नात अशी हार मानणारी नव्हती. "बरं, मग सवलत दे. प्रकाश चालू, हवा चालू, मी चालू. फक्त काहील थांबव."

"निसर्ग अशी सवलत देत नाही," मापाडी म्हणाला. "पण टोप देतो."

संयूने पुन्हा टोप घातला. आता समोर थांबलेली काहील होती, आणि ती इतकी सुंदर दिसत होती की संयू बघतच राहिली. बुडबुडे फुगून तसेच थांबलेले, बांगड्यांच्या दुकानात मांडून ठेवल्यासारखे. पळीवरून सुटलेली पाकाची धार हवेतच उभी. वाफेची वेटोळी जागच्या जागी. इतक्या वर्षांत तिने हे कधी असं पाहिलंच नव्हतं, कारण उकळत्या पाकाने कधी पाहूच दिलं नव्हतं.

मग तिने नाक पुढे केलं. वास नाही! रटरट आवाजही नाही. थोडा पाक गार पाण्यात सोडून त्याची गोळी कितपत घट्ट होते ते पाहावं म्हणून तिने पळी घातली. ती पाकात शिरेचना. काहील सुंदर होती खरी, पण मुकी होती.

"वास म्हणजे पाकातून सुटून नाकापर्यंत आलेले रेणू," मापाडी म्हणाला, "आणि आवाज म्हणजे बुडबुडा फुटल्याने हवेत उठलेली थरथर. पाक थांबला की तो तुला काहीच सांगू शकत नाही. आता हे पाहा."

एकीच्या दोन काहिली झाल्या. दोन्हीतला फेस एकाच उंचीवर, दोन्हींचा रंग एकच.

"यातली एक पाक तयार होण्याच्या आधीची आहे आणि एक नंतरची. कोणती कुठली?"

संयूने या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. ओणवी होऊन पाहिलं. जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या दोघी. "काय कळत नाही बाबा. चालू कर बघू जरा."

मापाडीने दोन्ही काहिली फक्त दोन सेकंद चालवल्या आणि संयूने टाळीच वाजवली. डावीकडचा फेस वर चढत होता, उजवीकडचा खाली बसत होता. आंधळ्यालाही कळलं असतं!

"म्हणजे थांबलेल्या एका चित्रावरून तो पाक कुठे निघालाय ते कळतच नाही," ती हळूहळू म्हणाली. "दोन तरी चित्रं पाहिजेत. एक आधीचं, एक नंतरचं. आणि त्या दोघांच्या मध्ये..."

"मध्ये काळ लागतो. त्याला बदलाचा वेग म्हणतात. ठरावीक वेळात किती फरक पडला, तो."

संयूच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं, आणि शिजायला त्यालाही वेळ लागत होता.

"मापाडी, आबांच्या काहिली आहेत ना तुझ्याकडे? आबा 'उतरवा' म्हणतात तेव्हाची त्यांची गोळी दाखव."

मापाडीने दाखवली. गोळी मऊ होती. दुसऱ्या काहिलीचीही मऊ. तिसरीचीही. आबांच्या बोटांत ती दबत होती, कच्ची, अर्धवट.

"ती मी आबांची चूक म्हणून नोंदवली आहे," मापाडी म्हणाला. "एकशे चाळीस वेळा. दर वेळी ते घाई करतात. एकदा तीस सेकंद, एकदा चाळीस, एकदा पन्नास. गूळ मात्र दर वेळी उत्तम होतो. हे कसं, ते मला समजलेलं नाही."

"अरे शहाण्या!" संयू ताडकन उठली. "साखळ्या अडकवायला, काहील उचलायला, ओतायला किती वेळ लागतो?"

"सुमारे चाळीस सेकंद."

"आणि तेवढ्या वेळात पाक काय गप्प बसतो? तापलेल्या लोखंडात तो शिजतच असतो! काल मी गूळ झाल्यावर 'उतरवा' म्हटलं आणि तो चाळीस सेकंद आणखी शिजला. आबा झालेला क्षण बघतच नाहीत. ते येणारा क्षण बघतात!"

मापाडीचा हिरवा दिवा किती तरी वेळ लुकलुकत राहिला. शेवटी तो म्हणाला, "मग दर वेळी चाळीस सेकंद आधी सांगावं. पण आबा तीसही घेतात, पन्नासही घेतात."

"जाळ मोठा असला की पाक झपाट्याने पुढे जातो, मग जास्त आधी सांगायचं. मंद असला की कमी. पाक किती पळतोय ते बघून सांगायचं. मापाडी, हे आबा तीस वर्षं मनातल्या मनात करतायत, आणि त्यांना विचारलं तर म्हणतात, हात आपसूक वर जातो!" आपले आबा मोठे आहेत हे तिला माहीत होतं. किती मोठे, ते आज कळलं.

इकडे खरी काहील दाटत आली होती. बायजाक्का येऊन खांबाला टेकून उभ्या राहिल्या. फाटकाबाहेर रिकामा ट्रक येऊन थांबलाच होता.

संयू काहिलीपासून बेताच्या अंतरावर उभी राहिली. मापाडीने आपल्या लांब हाताने पळीभर पाक आणून गार पाण्यात सोडला. तिने तो बोटांत धरला. मधासारखा पातळ. वीस अंक मोजून दुसरा. थोडा धरू लागलेला. वीस अंक मोजून तिसरा आणि संयू दचकली. पहिल्या दोहोंत जेवढा फरक पडला होता, त्याच्या दुपटीने या वेळी पडला होता. आजची चिपाडं कडकडीत वाळलेली होती. पाक धावत सुटला होता.

गोळी अजून मऊच होती. कालच्यापेक्षा तर फारच मऊ.

"उतरवा!"

शिदूमामांचा हात साखळीवरच थांबला. "अगं, कच्चं हाय की! गोळी तर बघ!"

"उतरवा मामा!"

"आज काय चिकट लगदा खायला घालतीस व्हय?"

संयूने मापाडीकडे पाहिलं. "माझ्या मापाप्रमाणे अजून बावन्न सेकंद आहेत," मापाडी म्हणाला. "पण काल माझं माप बरोबर होतं आणि गूळ करपला. मी आज तुझं ऐकेन."

"मामा, पाया पडते, उतरवा!"

शिदूमामा काहीतरी पुटपुटले, पण साखळ्या खणखणल्या. काहील उचलली, सरकली, कलली. पातळ, सोनेरी पाक वाफ्यात पसरला आणि बायजाक्कांनी डोळे मिटून घेतले. लाकडी फळ्यांनी गडी तो घोटू लागले. पाक पाण्यासारखाच हलत होता. मग एका फळीच्या मागे वळ उमटला आणि तो बुजला नाही. दुसरा उमटला. बघता बघता पाक फिकट होऊ लागला, जड होऊ लागला. तो साच्यांत भरला आणि मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही. ते दोन तास संयूला दोन महिन्यांसारखे गेले.

शिदूमामांनी पहिला साचा पालथा घातला. ढेप अखंड सुटली, हळदीच्या रंगाची. बायजाक्कांनी बोटाच्या पेरांनी तिच्यावर टकटक केलं, कोपरा फोडला, आतला कण उन्हात धरून पाहिला आणि तोंडात टाकला.

बायजाक्का फाटकाकडे गेल्या आणि ट्रकवाल्याला म्हणाल्या, "जा बाबा तू. ऊस हितंच राहतोय."

संयूचा जीव भांड्यात पडला. ढेपेचा तुकडा घेऊन ती धावत सुटली ती थेट शंभर पावलांवर, बांधाच्या आंब्याखाली काळा चष्मा लावून बसलेल्या आबांकडे. मापाडीही खडबडत मागे आला.

आबांनी तुकडा चघळला. बराच वेळ चघळला. "गोळी कशी हुती गं, सांगितलंस तवा?"

"मऊ. कच्ची."

"आणि भ्या न्हाई वाटलं?"

"लई वाटलं, आबा."

"मला अजून वाटतंय," आबा म्हणाले. "दर काहिलीला."

मापाडी पुढे सरकला. "आबा, मी तुमच्या एकशे चाळीस चुका नोंदवल्या होत्या. त्या चुका नव्हत्या. मी क्षमा मागतो. मंगळाकडे यान सोडतात तेव्हाही ते आज मंगळ जिथे दिसतो तिथे सोडत नाहीत. यान पोहोचेल तेव्हा मंगळ जिथे असेल, तिथला नेम धरतात. हे गणित मला पाठ होतं. ते काहिलीतही असतं, हे मला ओळखता आलं नाही."

"म्हणजे मंगळावर जाणाऱ्यांनाही गुळव्या लागतो!" संयू म्हणाली.

"लागतो," मापाडी गंभीरपणे म्हणाला. "फार चांगला लागतो."

आबा पोट धरून हसले. मग त्यांनी चाचपडत संयूचा हात हातात घेतला. पाकाने चिकट झालेला, राखेने माखलेला तो हात ते किती तरी वेळ सोडेनात. "पंधरा दिसांनी डोळं ठीक हुतील माझं," ते म्हणाले. "तरी काहिलीपाशी तूच उभी राहायचीस. मी बाजूला बसून बघीन. तेवढ्यासाठीच नवी भिंगं घातल्यात, असं समज."

हा क्षण इथेच थांबावा, असं संयूला फार फार वाटलं. पण तिकडून शिदूमामांची हाक आली. दुसऱ्या काहिलीत रस पडला होता आणि जाळ लागला होता. आबांनी हात सोडला, आणि ती पळत गुऱ्हाळाकडे निघाली.